अविभाज्य घटकांचा शोध : गाल्वा ते अभ्यंकर

सन १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून अलग काढून वर्धा जिल्हा बनविण्यात आला, पुलगावनजीक कवठा येथे असलेले त्याचे मुख्य ठाणे १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी आणून वर्धा शहर वसविण्यात आले, आणि त्याच दशकात मध्यप्रांत सरकारच्या बंदोबस्ताच्या अंमलदारांनी या मुलखातील गावांची जमाबंदी पार पाडून मालगुजारांना गावांचे मालकी हक्क बहाल केले. या व्यवस्थेत प्रत्येक मौजा सोळा आण्यांचा मानला जाई, आणि पिढ्या वाढत गेल्या की त्याचे हिस्से आणे-पैंच्या हिशेबाने पडत जात. कोणाचा आठ आण्यांचा, कोणाचा चार आण्यांचा, तर तिघे भाऊ असल्यास प्रत्येकाचा पाच आणे चार पैंचा. फळणी कशी करावी या प्रश्नाला एकच एक उत्तर नसे. भाऊ किती, त्यांच्यात समजूत कशी, पंच कोण, आणि अखेरीस दिवाणी अदालतीचा हुकूमनामा काय, यांवर ते अवलंबून राही. म्हणून एकाच गावाचे दोन निराळ्या रीतींनी वाटप केले असता दोन निराळ्या तऱ्हेचे हिस्से निघत. शिवाय आण्यांचा आकडा सारखा म्हणून हिस्सा सारखा, असेही नव्हे. आठ आण्यांत नदीकाठची कसदार काळी जमीन येऊ शकते, तशीच आठ आण्यांत टेकडीलगतची बरडीही येऊ शकते, हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

वर्ध्याच्या कचेरीत ही दप्तरे सिद्ध होत होती त्याच वर्षांत फ्रान्समध्ये खाण खात्याच्या नोकरीत असलेला कामिल जॉर्डन नावाचा एक तरुण इंजिनिअर सर्वस्वी निराळ्या प्रकारच्या विभागणीचा विचार करीत होता. त्याच्यापुढचा प्रश्न असा होता की, गणितात अशी एखादी रचना आहे काय, की जिची विभागणी कोणीही, कोणत्याही मार्गाने, शेवटापर्यंत नेली तरी हाती येणारे हिस्से नेहमी तेच असतील? या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर सिद्ध होण्यास १८३२ ते १८८९ हा काळ लागला, आणि त्या उत्तराने गणिताच्या एका मोठ्या शाखेचा पाया घातला. तो इतिहास विस्ताराने सांगण्याजोगा आहे. कारण एखादी वस्तू फोडता येणे आणि तिचे घटक खरोखरीच ओळखता येणे, या दोहोंत केवढे अंतर आहे, हे त्यातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

या विषयाचा उगम समीकरणांत आहे. द्विघात समीकरणाची रीत प्राचीनांना ठाऊक होती. त्रिघात व चतुर्घात समीकरणांच्या रीती सोळाव्या शतकात इटलीत सापडल्या. आणि पंचघात समीकरणाची अशी सर्वसाधारण रीत, म्हणजे बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार व मुळे काढणे एवढ्यांनीच साधणारी रीत, असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या नील्स आबेलने १८२४ मध्ये दाखवून दिले. परंतु ती का असू शकत नाही, याचे खरे कारण पाहिले ते एव्हारिस्त गाल्वाने. २५ ऑक्टोबर १८११ रोजी पॅरिसजवळ जन्मलेल्या या तरुणाने समीकरणाच्या मुळांची परस्परांत होणारी जी अदलाबदल समीकरणाचे सारे संबंध अबाधित ठेवते, तिच्याकडे लक्ष वळविले, आणि अशा अदलाबदलींचा, म्हणजे क्रमचयांचा, जो समुदाय बनतो त्याला गट हे नाव दिले. समीकरण सुटते किंवा नाही, हे त्या गटाच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून असते, हा त्याचा सिद्धांत.

२९ मे १८३२ च्या रात्री, दुसऱ्या दिवशीच्या द्वंद्वयुद्धापूर्वी, गाल्वाने आपला मित्र ओग्यूस्त शेवालिये याला एक दीर्घ पत्र लिहिले. ३० मे रोजी तो जखमी झाला आणि ३१ मे रोजी, वयाची एकविशी पुरी होण्यापूर्वीच, मरण पावला. त्या पत्रात प्रस्तुत विषयाचे बीज आहे. गटात एक लहान उपगट घेतला म्हणजे त्याच्या आधारे सबंध गटाचे सारख्या आकाराचे तुकडे पाडता येतात. मात्र ते डावीकडून पाडले तर एक प्रकारचे आणि उजवीकडून पाडले तर बहुधा दुसऱ्या प्रकारचे पडतात. क्वचित असा उपगट भेटतो की, दोन्ही बाजूंनी पाडलेले तुकडे अगदी एकच ठरतात. अशा विभागणीला गाल्वाने खरी विभागणी मानले. आज त्या उपगटाला प्रसामान्य उपगट म्हणतात, आणि त्या तुकड्यांचाच मिळून जो नवा गट बनतो त्याला भागगट म्हणतात. ज्या गटाची अशी विभागणी मुळीच होऊ शकत नाही, तो साधा गट. मूळ संख्येइतके घटक असलेले गट तर साधे असतातच. त्यांखेरीज सर्वांत लहान साध्या गटात ५ × ४ × ३, म्हणजे ६० घटक असतात, हेही गाल्वाने त्याच पत्रात नमूद करून ठेवले आहे.

आता गट घ्यावा, त्यातील शक्य तेवढा मोठा प्रसामान्य उपगट निवडावा, मग त्या उपगटातील तसाच मोठा उपगट निवडावा, आणि एकाच घटकाचा गट उरेपर्यंत ही उतरंड चालू ठेवावी. या उतरंडीला संघटन-श्रेणी म्हणतात, आणि तिच्या लागोपाठच्या दोन पायऱ्यांमधून जो भागगट निघतो तो प्रत्येक वेळी साधा असतो. चतुर्घात समीकरणाचे उदाहरण पाहिले असता हे प्रत्यक्ष दिसते. त्याच्या चार मुळांचे २४ क्रमचय होतात. त्या २४ च्या गटातून १२ चा, १२ तून ४ चा, ४ मधून २ चा आणि अखेरीस १ चा, अशी श्रेणी लागते, आणि पायऱ्यांची गुणोत्तरे अनुक्रमे २, ३, २, २ अशी येतात. चतुर्घात समीकरण सोडविणारा गणिती वाटेत एक वर्गमूळ, एक घनमूळ आणि पुन्हा दोन वर्गमुळे काढतो, ते यामुळेच. उलटपक्षी पाच मुळांच्या १२० क्रमचयांतून ६० चा गट निघतो आणि तेथे गाडी थांबते. कारण तो ६० चा गट साधा आहे, त्याच्यापुढे पायरी नाही, आणि ६० ही मूळ संख्या नसल्यामुळे कोणतेही मूळ काढून ती पायरी ओलांडता येत नाही. आबेलला जे अशक्य आढळले, त्या अशक्यतेचे हे मर्म आहे.

परंतु येथेच एक शंका उद्भवते. शक्य तेवढा मोठा प्रसामान्य उपगट निवडावा असे म्हटले खरे. पण असे उपगट एकाहून अधिक असले तर? बारा बाजूंच्या नियमित आकृतीची जी १२ परिभ्रमणे होतात, त्यांचा गट घेतला तर १२, ६, ३, १ अशीही श्रेणी लागते, १२, ६, २, १ अशीही लागते, आणि १२, ४, २, १ अशीही लागते. पायऱ्यांची गुणोत्तरे पहिल्या वाटेने २, २, ३. दुसरीने २, ३, २. आणि तिसरीने ३, २, २. येथे क्रम तेवढा बदलला, हिस्से तेच राहिले. परंतु एका उदाहरणात घडले ते सर्वत्र घडेल, याची हमी काय? दोन गणिती एकच समीकरण निरनिराळ्या साहाय्यक समीकरणांच्या वाटांनी सोडवावयास निघाले, तर दोघांना वाटेत त्याच अडचणी भेटतील, की एकाला सोपी वाट सापडेल आणि दुसऱ्याला बिकट? याचा निकाल लागेपर्यंत एखादे समीकरण अमुक प्रकारचे अवघड आहे, असे म्हणण्यालाही अर्थ नव्हता.

एकमेवता गृहीत धरणे किती धोक्याचे असते, याचा अनुभव त्या पिढीला ताजा होता. कोणतीही पूर्णसंख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात एकाच प्रकारे मांडता येते, ही गोष्ट गाउसने १८०१ मधील आपल्या ग्रंथात काटेकोरपणे सिद्ध केली होती. पुढे १ मार्च १८४७ रोजी गाब्रिएल लामेने पॅरिसच्या अकादमीत फर्माचा प्रसिद्ध सिद्धांत सिद्ध केल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याच्या युक्तिवादाचा सारा डोलारा एका नव्या प्रकारच्या संख्यांचेही असेच एकमेव अवयव पडतात, या समजुतीवर उभा होता. झोझेफ ल्यूव्हिलने तत्काळ उठून हे गृहीत कोठे सिद्ध झाले आहे, असा प्रश्न केला. आणि जर्मनीत एर्न्स्ट कुमरने त्या संख्यांच्या बाबतीत ते खोटे ठरते, हे तीन वर्षांपूर्वीच दाखवून ठेविले असल्याचे लवकरच कळून आले. योगायोग असा की, १८४६ मध्ये गाल्वाचे लेखन आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध करून त्याला विस्मृतीतून वर काढणारा हाच ल्यूव्हिल होय.

कामिल जॉर्डनचा जन्म ५ जानेवारी १८३८ रोजी लिओं शहरी झाला. एकोल पोलितेक्निकमधून शिक्षण घेऊन तो खाण खात्यात शिरला आणि १८८५ पर्यंत नावाला तरी इंजिनिअरच राहिला. परंतु त्याची बुद्धी रमली ती गाल्वाच्या त्रोटक लेखनाचा अर्थ उकलण्यात. १८६९ मध्ये त्याने गाल्वावरील आपले भाष्य प्रसिद्ध केले, आणि १८७० मध्ये क्रमचय व बैजिक समीकरणे यांवरील त्याचा ६६७ पानांचा महाग्रंथ बाहेर पडला. त्याच वर्षी फेलिक्स क्लाइन आणि सोफुस ली हे दोघे तरुण पॅरिसला आले होते. जॉर्डनच्या सान्निध्यात गटांचे महत्त्व त्यांना पटले, आणि पुढे त्या दोघांनी ते भूमितीत व विश्लेषणात नेले. जुलैमध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, आणि ही मंडळी पांगली.

जॉर्डनने सिद्ध केले ते हे की, गटाची संघटन-श्रेणी कोणत्याही वाटेने लावली तरी पायऱ्यांच्या गुणोत्तरांच्या संख्या, क्रम सोडून, त्याच राहतात. याचे मर्म समजण्यास फार सामग्री लागत नाही. एका गटात दोन निरनिराळे महत्तम प्रसामान्य उपगट आहेत असे समजा. त्यांना डावा आणि उजवा म्हणू. दोघांत समाईक असलेल्या घटकांचाही एक उपगट बनतो. चौघांना मिळून पतंगाच्या आकारात मांडले, वर सबंध गट, बाजूंना डावा व उजवा, आणि खाली त्यांचा समाईक भाग, म्हणजे असे आढळते की, पतंगाच्या समोरासमोरच्या बाजू जुळतात. गटातून डाव्याकडे उतरताना जो भागगट निघतो, तोच उजव्यातून समाईकाकडे उतरताना निघतो, आणि गटातून उजव्याकडे उतरतानाचा भागगट डाव्यातून समाईकाकडे उतरताना पुन्हा भेटतो. अर्थात डावीकडून गेले काय आणि उजवीकडून गेले काय, समाईक उपगटापर्यंत पोचेतो तेच दोन भागगट हाती पडतात, फक्त मागेपुढे. त्याखालील गट लहान असल्यामुळे तोच युक्तिवाद पुन्हापुन्हा लावीत तळापर्यंत जाता येते. एवढ्या साध्या आकृतीत या सिद्धांताचे सारे सत्त्व साठले आहे.

तथापि जॉर्डनने या आकृतीतून घेतले ते फक्त आकडे. भागगट ही स्वतंत्र वस्तू म्हणून हाताळण्याची दृष्टी त्या काळी पुरती आलेली नव्हती. गट म्हणजे क्रमचयांचा समुदाय, आणि पायऱ्या मोजावयाच्या त्या संख्येने, अशीच रीत होती. मालगुजारीच्या भाषेत बोलावयाचे तर, जॉर्डनने प्रत्येक हिस्सा किती आण्यांचा हे निर्विवाद ठरविले. परंतु तो हिस्सा काळ्या जमिनीचा की बरडीचा, हे ठरावयाचे राहिले.

ही उणीव भरून काढली ती ओटो होल्डर याने. २२ डिसेंबर १८५९ रोजी श्टुटगार्ट येथे जन्मलेला हा जर्मन गणिती मुळात विश्लेषणाचा अभ्यासक. १८८९ मध्ये त्याने कोणत्याही बैजिक समीकरणाचे लहान समीकरणांच्या साखळीत रूपांतर करण्याविषयी एक प्रबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात भागगट ही कल्पना प्रथमच स्वच्छपणे मांडून सिद्ध केले की, दोन वाटांनी निघालेले भागगट हे घटकसंख्येने तर सारखे असतातच, शिवाय रचनेनेही एकरूप असतात. जॉर्डन-होल्डर सिद्धांत म्हणून आज जे विधान पदव्युत्तर वर्गात शिकविले जाते, ते या प्रबंधाने पुरे झाले. आकड्यांची एकता आणि स्वरूपाची एकता यांच्यातील हे एक पाऊल टाकण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली, याचा अर्थ जॉर्डनची बुद्धी तोकडी पडली असा करू नये. ज्या वस्तूबद्दल विधान करावयाचे ती वस्तूच आधी कल्पनेत साकार व्हावी लागते, आणि ते काम एका पिढीचे असते.

होल्डरच्या पुढील उद्योगावरून या सिद्धांताची किंमत त्याला पुरती उमगली होती, हे दिसते. घटक जर एकमेव आहेत, तर त्या घटकांची यादी करणे हे सार्थ काम ठरते. तसे नसते तर यादी म्हणजे नुसती टाचणवही झाली असती. १८९२ मध्ये त्याने २०० पर्यंत घटकसंख्येचे सारे साधे गट शोधून काढले, आणि मूळ संख्येचे गट वगळता त्यांत ६० चा एक आणि १६८ चा एक, असे दोनच निघतात, हे दाखविले. पुढल्या काळात सिद्धांताला अधिक निर्मळ रूप आले. हॅम्बुर्ग येथील ओटो श्रायरने १९२८ मध्ये कोणत्याही दोन श्रेणींत आणखी पायऱ्या घालून त्या परस्परांशी जुळविता येतात, हे अधिक व्यापक विधान सिद्ध केले, आणि दुसऱ्याच वर्षी, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो निवर्तला. १९३४ मध्ये त्याच शहरातील हान्स त्सासेनहाउस या बाविशीतील तरुणाने त्या सिद्धतेला इतके सुटसुटीत रूप दिले की, त्यातील फुलपाखराच्या आकाराची आकृती तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत कायम झाली. जॉर्डनला दीर्घायुष्य लाभले, पण उतारवयात पहिल्या महायुद्धात तीन मुलगे गमावण्याचे दुःखही त्याच्या वाट्यास आले. तो १९२२ मध्ये वारला, आणि होल्डर १९३७ मध्ये.

होल्डरने आरंभिलेली यादी पुरी करण्याचे काम विसाव्या शतकाने अंगावर घेतले. १९६३ मध्ये वॉल्टर फाइट आणि जॉन थॉम्पसन यांनी विषम घटकसंख्येचा, मूळ संख्येचा नसलेला, एकही साधा गट नाही हे सिद्ध केले. एवढ्या एका वाक्याच्या सिद्धतेने नियतकालिकाची २५५ पाने व्यापली. अखेर १९८० च्या दशकाच्या आरंभी यादी पुरी झाल्याची घोषणा झाली आणि राहिलेली एक मोठी त्रुटी २००४ मध्ये बुजविली गेली. त्या यादीत मूळ संख्यांचे गट, सम क्रमचयांचे गट आणि ली-प्रकारच्या गटांची कुळे आहेत, आणि कोणत्याही कुळात न बसणारे २६ एकांडे गट आहेत. या एकांड्यांपैकी पहिले पाच एमील मॅथ्यू याने १८६१ व १८७३ मध्ये शोधून काढले होते.

याच ठिकाणी एक मराठी नाव या इतिहासात येते. श्रीराम शंकर अभ्यंकर यांचा जन्म २२ जुलै १९३० रोजी उज्जैन येथे झाला. ते ग्वाल्हेरला वाढले, मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन १९५१ मध्ये हार्वर्डला गेले, आणि तेथे ऑस्कर झारिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली १९५५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यांचे क्षेत्र बैजिक भूमिती. १९५७ मध्ये त्यांनी एक अनुमान मांडले. संमिश्र संख्यांवर सरळ रेषेला, कोठेही न चिकटता तिच्यावर पसरलेले, असे एकही निराळे आच्छादन नसते. परंतु ज्या क्षेत्रात एखादी मूळ संख्या प ही शून्याइतकी होते, तेथे अशी आच्छादने विपुल असतात, आणि त्यांच्या गाल्वा-गटांत नेमके तेच गट येतात, जे आपल्या प-घातसंख्येच्या उपगटांपासून सर्वस्वी निर्माण होतात. असे उपगट मिळून जो गट बनतो तो नेहमी प्रसामान्य असतो. म्हणून ज्या साध्या गटाच्या घटकसंख्येला प ने भाग जातो, त्यात तो सबंध गटच असला पाहिजे. अर्थात असा प्रत्येक साधा गट अभ्यंकरांच्या अनुमानात आपोआप बसतो. मिशेल रेनो यांनी रेषेसाठी आणि डेव्हिड हार्बेटर यांनी सर्व वक्रांसाठी हे अनुमान १९९४ मध्ये सिद्ध केले, आणि त्याबद्दल दोघांनाही १९९५ चे कोल पारितोषिक मिळाले.

अभ्यंकरांची स्वतःची आवड मात्र केवळ अस्तित्व सिद्ध करण्यात नव्हती. समीकरण हातात धरून, ते उलटसुलट करून, त्याचा गट कोणता हे प्रत्यक्ष दाखवावे, अशी त्यांची जुन्या वळणाची धारणा होती, आणि १९९० च्या दशकात त्यांनी मॅथ्यूच्या एकांड्या गटांसाठी, ज्यांपैकी एकाची घटकसंख्या १,०२,००,९६० आहे, अशी समीकरणे देऊन ती धारणा खरी करून दाखविली. समीकरणातून गटाकडे गेलेली गाल्वाची वाट येथे, साध्या गटांची यादी पुरी झाल्यावर, गटाकडून पुन्हा समीकरणाकडे आली. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात राहूनही त्यांनी मायदेशाशी संबंध तुटू दिला नाही; १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात स्थापिलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानाने अनेक मराठी विद्यार्थ्यांना उच्च गणिताची दारे उघडून दिली. २ नोव्हेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

या कथेतून निघणारा बोध एकांगी करून घेऊ नये. हिस्से एकमेव आहेत याचा अर्थ हिश्शांवरून मूळ गटही एकमेव ठरतो, असा मुळीच नव्हे. समभुज त्रिकोणाच्या ६ सममिती आणि षट्कोणाची ६ परिभ्रमणे, यांचे साधे अवयव तेच, एक २ चा आणि एक ३ चा. तरी पहिल्या गटात क्रियांचा क्रम बदलला की फळ बदलते आणि दुसऱ्यात ते बदलत नाही. १,०२४ घटकांच्या कोणत्याही गटाचे दहाही अवयव २ चेच असतात, आणि असे निरनिराळे गट ४,९०० कोटींहून अधिक आहेत. फोडण्याचा प्रश्न जॉर्डन आणि होल्डर यांनी निकालात काढला. जोडण्याचा प्रश्न अद्याप पुष्कळसा मोकळाच आहे.

१९२१ पासून वर्ध्यात आणि पुढे पवनारला ज्यांचे वास्तव्य झाले, त्या विनोबांना गणिताची मनापासून ओढ होती, हे या जिल्ह्यातील जुन्या माणसांना ठाऊक आहे. म्हणून वर्ध्याच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. पतंगाची ती आकृती कागदावर काढून कोणताही पदवीचा विद्यार्थी हा सिद्धांत एका बैठकीत स्वतः सिद्ध करू शकेल. तसे करताना त्याने इतकेच ध्यानात घ्यावे की, गाल्वाने खरी विभागणी कोणती हे सांगितले, जॉर्डनने तिचे माप ठरविले, होल्डरने तिचे स्वरूप ठरविले, आणि त्यानंतरच सर्व साध्या गटांची नोंद करण्याचा शतकभराचा उद्योग न्याय्य ठरला. हा क्रम उलटविता आला नसता. कारण हिस्से तेच निघतात हे सिद्ध झाल्यावाचून केलेली नोंद कितीही मोठी झाली, तरी ती ज्ञान या पदवीस पोचली नसती.